तीन डबे बोलले तरच डुक्कर!

नाही, पण मी म्हणते, ज्याला तोंड उघडायचं जिवावर येतं त्याला राखणीला ठेवावंच कशाला? तुम्हाला सांगते, आमच्या डोंगरातल्या भातखाचरांत त्या हामासाकी इंजिनियरनं रानडुकरांसाठी डबे पुरलेत, जमिनीची धडधड ऐकणारे, आणि मला म्हणतो कसा, "आजी, बॅटरी एवढीशी असते, बोलण्यातच सगळी संपते, म्हणून खात्री पटली तरच डबा बोलणार. गप्प असला तर समजायचं, सगळं ठीक. आणि एकट्या डब्यावर विश्वास नाही हं! तीन डबे बोलले तरच डुक्कर!"

अरे बाळा, हे तू मला शिकवतोस? आमच्या वेळी घरोघरी बिस्किटांचा पत्र्याचा डबा टांगलेला असायचा. एक वाजला तर शेजारचा गेन्पाची दारू पिऊन आला. दोन वाजले तर नवरा-बायकोचं वाजलं. तीन डबे बोलले तरच डुक्कर! मग काय, सगळा गाव झाडू, काठ्या, लाटणी घेऊन बांधावर... डुक्कर बिचारं केव्हाच पळायचं, पण माणसं? छे! आमच्या ओसरीवर चहा, खारवलेला मुळा आणि गप्पा, आमचे हे तर तेच डुक्कर दरवेळी वीतभर मोठं करून सांगायचे. काय दिवस होते हो... आता वस्तीत उरलो कोण, तर आम्ही तिघी म्हाताऱ्या, मी, शिझुनो आणि किकुए.

आणि माझा लेक तेत्सुओ! ओसाकात असतो. डबे बोलले की त्याच्याही फोनवर घंटी वाजते. पूर्वी दर रविवारी फोन करायचा, हे डबे आल्यापासून बंद! मीच केला तर म्हणतो, "आई, डबे गप्प आहेत ना? मग सगळं ठीकच असणार!" घ्या! याचीही बॅटरी एवढीशीच.

मग मी काय केलं असेल? गेले संध्याकाळी खाचरात आणि डब्याशेजारी थयथय नाचले! ढिम्म! मेल्याला दोन पायांचं चालणं ओळखू येतं. बरं, चार पायांवर रांगले... तरी गप्प! कारण काय? तीन डबे बोलले तरच डुक्कर! शिझुनोला म्हटलं, "चल गं." ती म्हणते, "अगं, या वयात डुक्कर?" म्हटलं, "तुझ्या लेकीचा तरी फोन येतो का?" मुकाट्यानं पदर... आपलं, ॲप्रन खोचला तिनं. किकुए तर आधीच गुडघ्यांना टॉवेल बांधून तयार! मी ह्यांचा जुना डबा ठणकावला आणि तिघी तीन खाचरांत एकदम सुटलो... धडधड, धडधड, किकुए तर हौसेनं घुरघुरतसुद्धा होती!

आणि वाजला की हो फोन! "आई! डुक्कर आलं होतं? तू घरातच आहेस ना?"

"एक नाही रे राजा, तीन!" मी गुडघे चोळत म्हटलं.

किती बोलला म्हणून सांगू! मुळा खारवायला घातलास का, पाय कसे आहेत... आणि मग हळूच, "आई, बाबांचा तो डबा आहे का गं अजून?" मी फोनजवळ धरून ठणकावलाच तो!

मग काय, चटकच लागली. दर रविवारी आम्ही डुकरं! आणि परवा तो हामासाकी हजर. "आजी, तुमच्याकडे डुकरं भयंकर वाढलीत, बॅटऱ्या बसायला लागल्या! आता नियम कडक केलाय. पाच डबे बोलले तरच डुक्कर!"

पाच! आता आणखी दोन कुठून आणू?... तुम्ही रविवारी संध्याकाळी काय करता हो? नाही, फार काही नको, गुडघे तेवढे शाबूत हवेत.