बूथवरची चार मतं

सांगते तुम्हाला, विधानसभेला मत कोणाला द्यायचं हे आमच्या घरी आबाजी, म्हणजे माझे आजोबा, ठरवतात. त्यावर ‘काऊन’, म्हणजे ‘का’, असं विचारायचं नाही, हे मला पहिल्या मतदानाआधीच बजावलं होतं. आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, सगळे नातेवाईक आणि सगळ्यांची पार्टी एकच. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तर बूथवर तिचे एजंट.

यंदा पार्टी जिंकली, पण आमच्या बूथवर समोरच्या पार्टीला चार मतं निघाली. मोठे बाबा मतदारयादी घेऊन थेट माझ्यासमोर बसले, बाजूला आबाजी.

“एक तर तुझंच आहे. कॉलेजात जाऊन डोकं फिरलं तुझं.”

“मत गुप्त असते, मोठे बाबा.”

“आबाजीले टोलीत तोंड दाखवाले जागा नाही राहिली! तुझं राहू दे, बाकीचे तीन कोणाचे ते सांग.”

आई, मोठी आई आणि आजी शेजारीच तांदूळ निवडत होत्या. तिघींचे हात एकदम थांबले.

“नाही सांगत,” मी म्हटलं. “पुढच्या इलेक्शनलाही नाही सांगणार.”

मोठ्या बाबांनी तिघींकडे पाहिलं, मग आबाजींकडे. आबाजींनी त्यांच्या हातातली यादी घेतली आणि घडी करून खिशात घातली. त्यानंतर दोघांपैकी कोणी चहासुद्धा मागितला नाही.