पडद्याआडची सतरावी

“हॅलो?”

ओठांत धरलेलं ओबो या फुंकवाद्याचं रीड, ती वेताची पातळ जिभली, मॅरेननं आधी काढून पाण्याच्या पेल्यात टाकलं. नंबर अनोळखी होता. हॉटेलच्या खोलीत, घडीच्या पाळण्यात सात महिन्यांची हॅटी आत्ता कुठे झोपली होती.

“कोण?... सर? बर्डेट सर?... नाही, म्हणजे हो, मीच. हळू बोलतेय, बाळ झोपलंय.”

ती खुर्चीतून उठून उभी राहिली. संगीताच्या कॉलेजात सहा वर्षं ज्यांच्याकडे शिकली, त्यांचा आवाज कानावर आला की ती अजूनही उभीच राहायची. मग तिच्या ध्यानात आलं, की आज सरांनी फोन करायलाच नको होता. अकरा चाळीसला तिला ऑर्केस्ट्राच्या निवडीसाठी वाजवायचं होतं, आणि नऊ परीक्षकांतले एक सर होते.

“ओवेन?... तो खाली गाडीवरचा बर्फ खरवडतोय... हो, बरा आहे. सर, पण आज आपण बोललेलं चालतं का?... तसं नाही हो. आमच्याकडून सही घेतलीय ना, की परीक्षकांपैकी कुणाशीही... बरं. बरं, ऐकते.”

ती ऐकत राहिली. बोलता बोलता नखानं टेबलाची कड खरवडू लागली.

“त्रेचाळीस जण... हो, खुर्ची एकच... नंबर?”

कालच काढलेली सतरा नंबरची चिठ्ठी तिच्या स्वेटरच्या खिशात होती.

“नाही... अजून नाही मिळाला.”

सरांशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली. कान तापले. पण नंबर सांगितला, की मग वाजवणारा आणि परीक्षक यांच्यामधला तो पडदा कशाला? तो टांगतात, खाली जाजम अंथरतात, ते बुटांच्या आवाजावरूनही बाई आहे की पुरुष ते कळू नये म्हणून. आत गेल्यावर खोकायचीसुद्धा चोरी.

“खूण?... कसली खूण, सर?... सूर लावून झाल्यावर... खालचा एक सूर, तुटक... हं... म्हणजे तुम्हाला कळेल की मीच.”

ती पलंगाच्या कडेला टेकली. किती सोपं होतं. एक सूर. रीड ओलं आहे का ते बघायला कुणीही फुंकावा तसा. पदवी घेतल्यापासून ती सहा ठिकाणी वाजवून आली होती. मागच्या खेपेला दुसरी आली, आणि दुसरीला काहीच मिळत नाही. या वेळी नाही जमलं तर सोमवारपासून दातांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायला बसेन, असं तिनं नवऱ्याला, ओवेनला, कबूल केलं होतं. आणि एक गोष्ट ओवेनलाही सांगितली नव्हती. बाळंतपणानंतर पोटातली ताकद परत आली नव्हती. लांब ओळीच्या शेवटी श्वास पुरत नव्हता.

“हो, सर, ऐकतेय... माहितीय मला, सगळीकडे असंच चालतं... पण मग बाकीचे बेचाळीस?... त्यांचेही असतील सर कुणीतरी, बरोबर... हो, शाळकरी पोरीसारखंच बोलतेय. घाबरलेय ना मी. सकाळपासून रीड तासताना दोनदा चाकू सटकला... नाही, बोट शाबूत आहे.”

पाळण्यात हॅटी हलली. मॅरेननं श्वास रोखून वाट पाहिली.

“...तुम्हाला मी काय शिकवणार? एवढंच विचारते. त्या खुर्चीत बसल्यावर मला कसं कळेल, की मी वाजवलं म्हणून बसले?... रोज संध्याकाळी हाच प्रश्न पडेल ना, सर... नाही. नाही वाजवणार मी तो सूर.”

मग सर बोलले, आणि अगदी मऊ बोलले. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

“काय म्हणालात?... तरी ओळखाल? कसं?... श्वासावरून.”

आज सगळ्यांना एकेकट्यानं वाजवायचा तो संथ सोलो, पाचवी ओळ, वरच्या सुराच्या अलीकडे. तिथं कुणीही श्वास घेत नाही, फक्त सरांचे विद्यार्थी घेतात. ती एकोणीस वर्षांची असताना सरांनीच तिच्या स्वरलिपीच्या कागदावर तिथं पेन्सिलीनं स्वल्पविराम काढला होता. आणि सरांचं बाकी कुणीच या वेळी वाजवायला आलेलं नव्हतं.

“आणि ओळखलंत, तर... मग तुमचं मत?... तसं म्हणजे कसं, सर? माझ्या विरोधात?... मी फक्त विचारतेय, हे तुम्ही मला बजावताय का?... सर?... हॅलो?... हॅलो?”

फोन बंद झाला होता.

हॅटी जागी होऊन रडायला लागली. एका पायानं पाळणा हलवत मॅरेननं तो जुना कागद काढला, खोडरबरानं स्वल्पविराम पुसला आणि नऊ सूर पुढे, बाकी सगळे श्वास घेतात तिथं, नवा काढला. रीड लावलं आणि ओळ सुरू केली. वरचा सूर गेला, पुढचे सहा गेले, आणि श्वास संपला. पुन्हा. या वेळी सात.

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं रीड पाण्यात बुडवलं आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.