दिल्याचा बिबट्या

दिल्या तुम्हाला जंगलाच्या लई गोष्टी सांगतो ना? मग कोळवणचा बिबट्या त्यानं का गाळला, ते विचारा.

कॉलेजच्या व्हिडिओसाठी आम्हाला बिबट्या हवा होता. दिल्यानं पोत्यात पेंढा भरून, काळे ठिपके रंगवून तो स्वतः बनवला आणि त्याच्या काकींच्या गोठ्यामागं उभा केला. मी कॅमेरा लावत होतो, तेवढ्यात काकी ओरडल्या, "बिबट्या! पळा रं!"

आम्ही काही सांगायच्या आत त्यांनी कोयत्यानं त्याची मान उडवली. दिल्या कुठाय म्हणून बघतो, तर हा आंब्यावर!

"उतर खाली," काकी म्हणाल्या, "ह्यात नुसता पेंढा हाय."

"ठावं हाय काकी, म्याच भरलाय."

"मग वर कशापायी चढलास?"