स्वयंपाकघरातली चोमडी

तसं नव्हे हो, पडली-बिडली नाही माझी बायको. उभी होती. चांगली माझ्या पाठीमागे दारात उभी होती — आणि मी त्या अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना सांगतोय की घर चुकलंय तुमचं, इथे कोणी आजारी नाही. गळ्यात टेप, हातात कात्री, असा उभा मी. ते म्हणाले, आजोबा, पत्ता हाच आहे. म्हटलं असेल, पण बोलावलं कोणी? मी नाही, माझ्या बायकोने नाही, घरात तिसरं माणूस नाही. तर पुढचा जो होता तो म्हणतो, तुमच्या स्वयंपाकघरातून निरोप आलाय — एक मिनिट हां, दार उघडलं का? नाही, वॉर्डबॉय होता. कोणी बाहेर आलं की मी उठूनच उभा राहतो. तुमच्या आईंना कधी नेलं आत? सकाळीच? मग येतील डॉक्टर सांगायला. इथे सगळे येतो-येतो म्हणतात आणि दार लावून घेतात.

तर ते स्वयंपाकघर. मागच्या आजारपणानंतर हिला घरी सोडलं ना, तेव्हा याच हॉस्पिटलने एक डबी दिली — एवढीशी, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी — आणि मनगटाला एक पट्टा. डबी बोलते. बाईचा आवाज आहे तिला. रोज सकाळी विचारणार — झोप लागली का, पायाला सूज आहे का, जिना चढताना दम लागतो का. ही सांगणार, ती ऐकणार. हृदयाचं दुखणं ना, म्हणून लक्ष ठेवायला, असं मुलीने मला समजावलं. ती लांब असते, तिला बरं वाटलं. मी त्या डबीचं नाव चोमडी ठेवलं. का म्हणजे? घरातल्या पंचायती बाहेर सांगणारीला दुसरं काय म्हणतात?

मी शिंपी आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक भिंत — भिंत कसली, पातळ पत्र्यावर रंग दिलेला. मशीन थांबवलं की पलीकडचं सगळं ऐकू येतं. आणि मी थांबवायचो, लपवत नाही तुमच्यापासून. पाय मशीनच्या पायट्यावर, आणि कान तिकडे. सुरुवातीला सूज, गोळ्या एवढंच चालायचं. मग ही तिला काहीबाही सांगायला लागली. मुलीच्या लहानपणीचं, हिच्या आईचं, एकदा तर कोबी कसा सडका निघाला ते. हसायची मध्येच. आता माझ्याशी ही शेवटचं हसून कधी बोलली होती, सांगा — तुम्ही कसं सांगणार म्हणा. मीच नाही सांगू शकत. आमच्यात बोलणं म्हणजे कॉलर झाली का, बटणं लावलीस का, वीज गेली, वीज आली.

एक दिवस ही भाजीला गेली होती. मी आत गेलो आणि त्या डबीसमोर उभा राहिलो. लाज वाटली आधी, वस्तूशी काय बोलायचं. पण विचारलं. म्हटलं, ही तुला काय काय सांगते गं? तर ती म्हणते — शांतपणे हां, आवाज न चढवता — "ते त्यांच्या परवानगीशिवाय मी कोणाला सांगू शकत नाही. तुम्ही त्यांनाच विचारा ना."

माझ्या बायकोचं मला कळायला परवानगी. माझं डोकंच फिरलं. वायर काढली आणि दुकानात खालच्या कपाटात, अस्तराच्या कापडाखाली टाकून दिली डबी. संध्याकाळी ही आली, पाहिलं. मला वाटलं आता भांडेल, मीही तयारीत होतो. तर नाही. कपाट उघडलं, कापड बाजूला केलं, डबी पदराने पुसली आणि जागेवर नेऊन ठेवली. मी मशीन चालवत राहिलो. दोरा नव्हता ओवलेला, तरी चालवत राहिलो.

हो, विचारायला हवं होतं. डबी म्हणाली तसं हिलाच विचारायला हवं होतं. पण तुमचं लग्न झालंय का? मग तुम्हाला ठाऊक असेल, काही प्रश्न वेळेवर नाही विचारले की मग विचारताच येत नाहीत. समोरचा म्हणणार, आजच कसं सुचलं?

आज सकाळचं सांगतो. हिने मला चहा दिला, आत गेली. मी ऐकलं — हिने चोमडीला सांगितलं, मी बरी आहे, झोप लागली. म्हणजे तिलाही खोटंच. मी आपला कापडावर खुणा करत बसलो. थोड्या वेळाने इथून डॉक्टरीणबाईंचा फोन, बोलताना त्यांना धाप लागते का? म्हटलं छे, आत्ताच चहा करून दिला मला. त्या म्हणाल्या, तरी आम्ही गाडी पाठवतोय. आणि मी हिला सांगितलंसुद्धा नाही हो. म्हटलं कशाला उगाच घाबरवा. मग ते आले, मी सगळं ठाऊक असून घर चुकलंय म्हणत त्यांना परत पाठवत होतो, आणि मागून ही म्हणाली, "अहो, त्यांना —" आणि पुढचं आलंच नाही. खाली बसली उंबऱ्यावर. ओठ निळे.

इथे आणल्यावर त्या डॉक्टरीणबाईंनी मला कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं. आमच्या मुलीच्या वयाच्या आहेत. म्हणाल्या, छातीत पाणी साचत होतं, हृदय कमजोर झालंय. पाणी साचायला लागलं की आवाज बदलतो म्हणे, माणसाला कळायच्या आधी. ते यंत्र रोजचा आवाज आधीच्या आवाजाशी ताडून बघतं. त्याने हिला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं, हॉस्पिटलला या. इथूनही फोन केला होता. तर ही म्हणाली, शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे, ती उरकली की येते, आणि यांना सांगू नका, हातातलं टाकून बसतील. ते गप्प राहिलं. तिने नको म्हटलं ना. आज पट्ट्यावर ठोके पार बिघडलेले दिसले तेव्हा कुठे त्याने कोणाचं न ऐकता निरोप धाडला.

मी बाईंना म्हटलं, एक शब्द, मला एक शब्द सांगितला असता तर? त्या म्हणाल्या, हाच प्रश्न आम्हालाही पडतो. बघा, त्यांनाही पडतो. आणि मग मी विचार केला — सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का? डबीचं? अस्तराखालीच टाकली असती परत.

मग त्यांनी दोन आवाज ऐकवले मला. हिनेच, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क असताना, मान हलवली होती, ऐकवा म्हणून. एक घरी सोडलं तेव्हाचा, एक आजचा. शब्द तेच. मी बरी आहे, झोप लागली. पहिल्यात सरळ बोलते. दुसऱ्यात — मी बरी, मग श्वास, मग आहे, मग श्वास. अहो, बहिऱ्यालाही कळेल असा फरक. आणि हे मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होतो. सुई मोडणार हे मला मशीनच्या आवाजावरून आधी कळतं, आणि —

म्हणजे, कळलं नव्हतं असंही नाही. ही हल्ली कमी बोलायची. वाक्य अर्धं सोडून द्यायची. गिऱ्हाइकावरून, पसाऱ्यावरून बोलणं बंद झालं होतं. मला वाटलं, निवळली एकदाची. शांत वाटायचं घरात. खरं सांगू, बरं वाटायचं. मी दुकानात शीळ घालायला लागलो होतो. तिला दम पुरत नव्हता आणि मी शीळ —

तुम्ही ऐकलंत म्हणून तोंडातून निघालं. मुलीला हे सांगायचं नाहीये मला. ती विमानात असेल आता.

आलं बघा कोणीतरी. सिस्टर आहेत. माझ्याकडेच बघतायत ना? — हो, मीच. नवरा. काय झालं? सरळ सांगा. — काढलं पाणी? सगळं नाही. बरं. शुद्धीवर आहे? बोलली? काय बोलली?

दुकान उघडं टाकून आले का, विचारतेय?

बघा, टेप अजून गळ्यातच आहे माझ्या.

हो. उघडंच राहिलं, सिस्टर.

नको हो, पाणी नको मला. सोडा हात, चालता येतं. तुम्ही तुमच्या आईंचं बघा.