पन्नास-पन्नास

(सिनेटच्या सभागृहाला लागून असलेली उपराष्ट्राध्यक्ष रोझलिन टेनंट यांची खोली. राष्ट्राध्यक्ष कॅलोवे स्वतः चालून आले आहेत. आत त्यांच्या विधेयकावर मतदान सुरू आहे.)

टेनंट : म्हणजे मला न विचारताच सहीच्या समारंभाला पाहुणेसुद्धा बोलावून ठेवलेत?

कॅलोवे : विचारायचं काय त्यात, रोझलिन? पन्नास-पन्नास होणार. बरोबरी फोडायला तू आहेसच. सहीची पेनंही मांडून झालीत. एकेका अक्षराला नवं पेन, मग ती वाटायची. तुलाही एक.

टेनंट : जुन्या सैनिकांची गावोगावची हॉस्पिटलं बंद करायची, आणि आठवण म्हणून पेन? लाज वाटते हो मला!

कॅलोवे : बंद नाही, एकत्र करतोय.

टेनंट : हे हार्लन फोर्कला येऊन सांगा. तिथल्या शाळेच्या मैदानात, हातात मक्याचं कणीस धरून, "या हॉस्पिटलला मी हात लावू देणार नाही," असं कोण गरजलं होतं? समोर माझा भाऊ बसला होता, चाकाच्या खुर्चीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो वेंडेल. आता काय तेवढ्या लांब ओमाहाला जाईल?

कॅलोवे : निवडणुकीत माणूस बोलतो गं.

टेनंट : बोललात तुम्ही, पण टाळ्या पडल्या त्या माझ्याकडे बघून. गाव माझं आहे. उद्या तोंड मला दाखवायचंय.

कॅलोवे : मी तुला वर आणलं नसतं, तर अजून त्याच गावात असतीस! उद्या सकाळी घरी पाठवीन.

टेनंट : मंत्र्याला पाठवा, सेनापतीला पाठवा. तो अधिकार आहे तुम्हाला. मला नाही पाठवता येत. लोकांनी आपल्या दोघांना एकाच मतपत्रिकेवर निवडलंय. फार तर पुढच्या खेपेला दुसरं कुणी शोधा.

कॅलोवे : पण तू माझी माणूस आहेस!

टेनंट : सही तुमची, नकाराधिकार तुमचा, फौज तुमची. आतली ती सिनेटच्या अध्यक्षाची खुर्ची मात्र घटनेनं मला दिलीय. आणि तीन वर्षं तुम्ही काय दिलंत? परदेशातल्या अंत्यविधींना हजेरी! बैठकीत तोंड उघडलं की, "रोझलिन, तू नुसती बस."

कॅलोवे : ते उगाळू नकोस आता. बघ, बोलावणं आलं. झाली बरोबरी. विरोधात मत देणार आहेस का? त्या खुर्चीवरून काय बोलणार आहेस तू?

टेनंट : काहीच नाही. बरोबरी कुणी फोडली नाही, की विधेयक आपोआप पडतं. मी नुसती बसणार आहे.