अण्णांची गिटार

आमच्या अण्णांनी गिटार केली, ते सांगितलं का तुम्हाला? रिटायर झाल्यावर वडील आठ महिने बनशंकरी भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर माझ्यासाठी लाकूड तासत होते. वाढदिवसाला त्यांनी ती माझ्या हातात दिली. इतकी सुरेख झाली होती, की मला सांगवेना.

"काय गं, आवडली नाही?"

"अण्णा, मी डावखुरी आहे. ही उजव्या हाताने वाजवायची आहे."

अण्णा गोंधळले. "पण लहानपणी मी तुला उजव्या हाताची सवय लावली होती ना?"

"जेवायची, अण्णा!"

"सरी," कानडीत 'बरं' म्हणत अण्णा उठले. "स्वल्प थांब. दुसरी करतो."

"मग हिचं काय?"

एवढ्यात आईने येऊन गिटार माझ्या मांडीवरून उचलली. "चाळीस वर्षांत माझ्यासाठी साधा पोळपाट केला नाहीत. ही माझी. सोमवारपासून क्लास लावतेय."