शंभरातले आठ

दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी एक बाप, गाल सुजलेला, आणि त्याची मुलगी, मोबाईलवर प्रवेशाचा अर्ज भरत.

“इथलं कॅम्पस पहिल्या पसंतीला टाक. आधी शंभर अर्जांतले चाळीस घ्यायचे, मग वीस, गेल्या वर्षी आठ. भाव बघ किती वाढलाय.”

“बाबा, त्याच विद्यापीठाचं डोंगरावरचं कॅम्पस सत्तर घेतंय. आकडा दरवर्षी वाढतोय. डिग्री तीच.”

“सत्तर घेतात म्हणजे कुणालाही घेतात.”

“मग मलाही घेतील.”

“तू आठातली आहेस.”

“माझे मार्क बघितलेत ना तुम्ही? मी त्या आठात बसत नाही.”

“नाही तर नाही. पुढच्या वर्षी परत भर.”

“आणि वर्षभर काय करू?”

“घरी राहा. कुणी हाकललंय का तुला?”

“बाबा.”

“अगं, वर्ष काय, हां हां म्हणता जातं.”

“मी डोंगरावरचं टाकलं.”

“कधी?”

“आत्ताच. तुम्ही आठ-आठ करत होतात तेव्हा.”

बापाने सुजलेला गाल तळहातावर टेकवला.

“तिथे थंडी असते म्हणे.”

“असते.”

“तुझा स्वेटर तर तोकडा झालाय.”